दादरच्या जिन्यावरचे पदार्थविज्ञान

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास तुम्ही कधी मुंबईच्या दादर स्टेशनवर, पश्चिमेच्या बाजूला, उतरला आहात काय? नसाल, तर आज माझ्याबरोबर चला. पादचारी पुलाचा जिना उतरू लागलो की आपण कोठे आलो हे आधी नाकाला कळते. झेंडूचा उग्र वास, त्यात ओल्या पोत्यांचा आणि आंब्याच्या डहाळ्यांचा वास मिसळलेला. मग दिसतात पिवळ्या-केशरी फुलांचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, आपट्याच्या पानांच्या जुड्या, भाताच्या लोंब्यांची तोरणे. आणि या सगळ्यांच्या मधून, वरून, बाजूने वाहणारी माणसे. पश्चिम आणि मध्य रेल्वे अशा दोन्ही मार्गांवरच्या गाड्या दादरला थांबतात. त्यामुळे दर दोन-चार मिनिटांनी एखादी गाडी शेकडो माणसे फलाटावर रिकामी करते, आणि त्यांतली बरीचशी याच जिन्याने खाली येतात.

क्षणभर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहा आणि नुसते पाहा. एक मिनिट गर्दी सुरळीत वाहते. पुढच्याच मिनिटाला ती अडते. कोणी शिटी वाजवलेली नसते, कोणी हात दाखवलेला नसतो. थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा सुटते. चढणारे एका बाजूने आणि उतरणारे दुसऱ्या बाजूने जाऊ लागतात. हे त्यांना कोणी सांगितले? आणि ज्या जिन्यावरून हजारो लोक रोज बिनधोक जातात, तोच जिना एखाद्या दिवशी जीवघेणा कसा ठरतो?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. घनता, वेग, प्रवाह, बल आणि घर्षण या तुमच्या पाठ्यपुस्तकातल्याच पाच कल्पना पुरेशा आहेत.

गर्दी मोजायची कशी?

"फार गर्दी होती" असे आपण म्हणतो, पण विज्ञानाला "फार" हा शब्द चालत नाही. म्हणून आधी माप ठरवू या. वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन काढा. त्यात एक विद्यार्थी उभा करा. तो ऐसपैस उभा राहील. दोघे उभे करा. तेही आरामात राहतील. चौघे उभे राहिले की खांद्याला खांदा लागू लागेल. येथेच थांबा, याहून अधिक जणांना चौकोनात कोंबू नका. एका चौरस मीटरमध्ये जितकी माणसे, ती त्या गर्दीची घनता.

आता वेग. मोकळ्या रस्त्यावर माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. गर्दी वाढली की पाऊल टाकायला पुढे जागा उरत नाही, म्हणून वेग कमी होतो. घनता आणि वेग यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. म्हणजे एक मीटर रुंदीच्या वाटेतून एका सेकंदात किती माणसे पार होतात, हा आकडा.

स्वित्झर्लंडमधील झुरिकचे उलरिख वाइडमान यांनी १९९३ मध्ये अनेकांच्या निरीक्षणांवरून घनता आणि वेग यांचा संबंध सांगणारे एक सूत्र मांडले. त्या सूत्रावरून काढलेले काही आकडे असे येतात:

घनता ०.५, वेग १.३, प्रवाह ०.६५
घनता १, वेग १.०६, प्रवाह १.०६
घनता २, वेग ०.६, प्रवाह १.२
घनता ३, वेग ०.३३, प्रवाह १.०
घनता ४, वेग ०.१६, प्रवाह ०.६४
घनता ५, वेग ०.०४, प्रवाह ०.२

(घनता दर चौरस मीटरला माणसे, वेग सेकंदाला मीटर, प्रवाह दर मीटर रुंदीला सेकंदाला माणसे.)

हे कोष्टक घाईने वाचू नका. शेवटचा स्तंभ वरून खाली पाहा. प्रवाह आधी वाढतो, घनता दोनच्या आसपास असताना सर्वांत जास्त होतो आणि नंतर उतरू लागतो. म्हणजे एका मर्यादेपलीकडे जितकी जास्त माणसे वाटेवर येतील, तितकी कमी माणसे पलीकडे पोचतील! आणखी एक गंमत पाहा. घनता अर्धी असताना आणि घनता चार असताना प्रवाह जवळजवळ सारखाच आहे. जिन्याच्या तळाशी बसून कोणी नुसती माणसे मोजली, तर त्याला दोन्ही वेळा एकच आकडा मिळेल. पण पहिल्या वेळी लोक गप्पा मारीत चालले असतील आणि दुसऱ्या वेळी घामाघूम होऊन इंच इंच पुढे सरकत असतील.

तुम्ही म्हणाल, हे आकडे युरोपातल्या लोकांचे. ते आम्हांला कसे लागू पडतील? शंका रास्त आहे. आयआयटी कानपूर आणि जर्मनी येथील संशोधकांचा याच प्रश्नावरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही देशांत माणसांना एकामागोमाग एक असे चालायला लावून त्यांनी मोजमापे घेतली. सारख्याच घनतेला भारतीय माणसे जर्मन माणसांपेक्षा अधिक वेगाने चालतात, असे त्यांना आढळले. कारण आपण पुढच्या माणसापासून कमी अंतर ठेवतो. तेव्हा दादरचे कोष्टक करायला घेतले तर आकडे थोडे सरकतील. पण वक्राचा आकार तोच राहील: आधी चढ, मग माथा, मग उतार.

पाणी आणि माणूस

माणसांचा "लोंढा", माणसांचा "पूर" असे शब्द आपण सहज वापरतो. पण माणूस आणि पाणी यांच्यात एक मोठा फरक आहे. रबरी नळीचे तोंड बोटाने चिमटीत धरा. पाणी तेथे जोराने उडते. अरुंद जागी पाण्याचा वेग वाढतो, कारण पाणी दाबून लहान होत नाही. जेवढे आत येते तेवढे बाहेर गेलेच पाहिजे, आणि त्यासाठी त्याला धावावे लागते. माणसांचे नेमके उलटे होते. वाट अरुंद झाली की माणूस धावू शकत नाही. तो पुढच्याच्या आणखी जवळ जाऊन उभा राहतो. म्हणजे वेग वाढण्याऐवजी घनता वाढते. आणि घनता वाढली की काय होते, हे आपण कोष्टकात पाहिलेच.

आता थोडे अंकगणित करू. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ आणि पायऱ्यांवरून मिनिटाला ६६ माणसे ही कमाल मर्यादा धरलेली आहे. (आपल्या कोष्टकातला कमाल प्रवाह मिनिटाला ७२ येतो. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या, म्हणून एवढा फरक पडायचाच.) समजा, आपला जिना ४ मीटर रुंद आहे आणि सगळे लोक फक्त उतरत आहेत. मग मिनिटाला ६६ गुणिले ४, म्हणजे २६४ माणसे उतरतील. समजा, एका गाडीतून १२०० माणसे या जिन्याकडे आली आणि दर चार मिनिटांनी अशी एक गाडी येते. चार मिनिटांत १०५६ माणसे उतरली, १४४ उरली. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण पुढची गाडी आली की तिच्या १२०० मध्ये हे १४४ मिळवायचे आहेत. पाच गाड्यांनंतर ७२० माणसे वर खोळंबलेली असतील.

आता खाली बाजारात या. जिन्याच्या तळाशी गल्लीही ४ मीटर रुंद आहे असे धरू. तिच्या दोन्ही बाजूंना टोपल्या मांडल्या आहेत. टोपलीने अर्धा मीटर घेतला, आणि "पावशेर कसे दिले?" असे विचारण्यासाठी वाकलेल्या गिऱ्हाइकाने आणखी अर्धा मीटर. दोन्ही बाजूंचा मिळून २ मीटर रस्ता गेला. उरलेल्या २ मीटरमधून मिनिटाला १६४ माणसेच जातील. जिना २६४ माणसे खाली सोडायला तयार आहे, पण गल्ली १६४ हून अधिक घेत नाही. चार मिनिटांत ६५६ माणसे बाहेर पडतील आणि प्रत्येक गाडीमागे ५४४ उरतील. पाच गाड्यांनंतर हा आकडा २७२० होईल. जिना एक बोटभरही अरुंद झालेला नाही. तरी गर्दी मात्र जिन्यावर तुंबते. साखळीची ताकद जशी तिच्या सर्वांत कमकुवत कडीवरून ठरते, तसा वाटेचा प्रवाह तिच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरतो. आणि गर्दी दिसते ती मात्र त्या जागेच्या मागे. म्हणून जिन्यावर गर्दी दिसली की "जिना मोठा करा" असे म्हणण्यापूर्वी जिन्याच्या खाली काय आहे ते पाहून यावे.

हमालाच्या मागून चालणारे लोक

पण जाणाऱ्या आणि येणाऱ्या लोकांचे दोन ओघ आपोआप कसे तयार होतात? बाजारात डोक्यावर भरलेली पाटी घेतलेला हमाल "बाजू, बाजू!" असे ओरडत जातो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष द्या. त्याला वाट मिळते, आणि लगेच चार-पाच हुशार माणसे त्याच्या पाठोपाठ चालू लागतात. समोरून येणाऱ्याशी टक्कर देण्यापेक्षा आपल्याच दिशेने जाणाऱ्याच्या मागे राहणे सोपे असते. प्रत्येकाने एवढा एकच साधा नियम पाळला की थोड्याच वेळात रांगा तयार होतात. डिर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये माणसांवर जणू काही बले कार्य करीत आहेत असे मानून समीकरणे मांडली. एक बल माणसाला त्याच्या मुक्कामाकडे ओढते. दुसरे त्याला इतर माणसांपासून आणि भिंतींपासून दूर ठेवते. संगणकावर ही समीकरणे सोडवली, तेव्हा पडद्यावरचे ठिपकेही दादरच्या लोकांप्रमाणे रांगा करून चालू लागले! कोणी नेता नाही, कोणी हवालदार नाही, तरी शिस्त निर्माण झाली. निसर्गात अशी कितीतरी उदाहरणे आहेत. मुंग्यांची रांग हे त्यांतलेच एक.

ही शिस्त नाजूक असते. घाईत असलेले दोघे-तिघे रांग मोडून समोरच्या ओघात घुसले की दोन्ही ओघ अडतात.

करून पाहा: ज्वारी आणि नरसाळे

घाईचा परिणाम काय होतो, हे घरी पाहता येईल. कडक पुठ्ठ्याचे एक नरसाळे करा आणि त्याचे खालचे तोंड ज्वारीच्या तीन-चार दाण्यांएवढे रुंद ठेवा. त्यात कोरडी ज्वारी ओता. दाणे थोडा वेळ पडतील आणि अचानक थांबतील. नरसाळ्याला टिचकी मारा, पुन्हा पडू लागतील. दाणे का थांबले? तोंडाशी काही दाणे एकमेकांना टेकून कमान तयार करतात. जुन्या दगडी पुलाची कमान जशी वरच्या भाराने ढासळत नाही, उलट घट्ट बसते, तशीच ही दाण्यांची कमान वरच्या दाण्यांच्या भाराने आणि घर्षणाने टिकून राहते. टिचकीने ती मोडते.

दाराशी घाई करणाऱ्या माणसांचे असेच होते. खांद्याला खांदे अडकतात आणि कमान तयार होते. मागच्यांनी जोर केला तर कमान आणखी घट्ट होते. हेल्बिंग, फार्कश आणि विचेक या तिघांनी २००० मध्ये "नेचर" या नियतकालिकात हे गणिताने दाखवून दिले: दारातून बाहेर पडण्याची घाई जितकी जास्त, तितका एकूण लागणारा वेळ अधिक. "अति घाई संकटात नेई" ही रस्त्याकडेची पाटी आपण वाचून विसरतो. तिच्यामागे घर्षणाचे नियम आहेत.

माणसांची लाट

येथपर्यंत आपण गैरसोयीचा विचार केला. आता धोक्याचा करू.

२९ सप्टेंबर २०१७. त्या दिवशीही उद्या दसरा होता. दादरच्या शेजारचेच एल्फिन्स्टन रोड स्टेशन (२०१८ पासून त्याचे नाव प्रभादेवी) आणि परळ स्टेशन यांना जोडणारा एक पादचारी पूल होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. भिजू नये म्हणून माणसे पुलावरच थांबली. गाड्यांतून उतरणारी माणसे मात्र मागून येतच राहिली. थोड्याच वेळात जी चेंगराचेंगरी झाली, तीत २३ जणांचा मृत्यू झाला.

पूल पडला नव्हता. मग माणसे कशाने गेली? पुन्हा अंकगणित करू या. एक काल्पनिक पूल घ्या, ३० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. म्हणजे १२० चौरस मीटर. आरंभी घनता एक आहे, म्हणजे पुलावर १२० माणसे आहेत. बाहेर जाणारा प्रवाह काही कारणाने पूर्ण थांबला आणि मागून सेकंदाला ४ माणसे येत राहिली, तर घनता सहा व्हायला किती वेळ लागेल? आणखी ६०० माणसे हवीत. ६०० भागिले ४, म्हणजे १५० सेकंद. अवघी अडीच मिनिटे! चहाचा एक कप संपायच्या आत मोकळा पूल धोक्याचा होऊ शकतो.

घनता सहा-सातपर्यंत पोचली की गर्दीचे रूपच बदलते. अमेरिकेतील अभियंते जॉन फ्रुइन यांनी अशा दुर्घटनांचा बारकाईने अभ्यास केला. चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे झाली की गर्दी जवळजवळ एखाद्या द्रवासारखी होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मग माणूस आपल्या इच्छेने हालत नाही. धक्क्याची लाट येते आणि त्याला उचलून दोन-तीन मीटर दूर नेते. स्पेनमधील पांप्लोना शहरातल्या सान फेर्मिन उत्सवाच्या चित्रफितींवरून केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दाट गर्दीतली शेकडो माणसे, कोणी ठरवलेले नसताना, एकत्रितपणे वर्तुळाकार हेलकावे घेत होती आणि एका फेरीला सुमारे १८ सेकंद लागत होते. एकेका माणसाला याची कल्पनाही नसते.

या गर्दीत बलांची बेरीज होते. समजा, प्रत्येक जण पुढच्यावर फक्त ५० न्यूटन बलाने रेलला आहे. हातात पाच किलोग्रॅमची पिशवी धरण्याइतके हे बल. एकामागे एक असे वीस जण असतील आणि पायांचे जमिनीशी होणारे घर्षण सोडून दिले, तर सर्वांत पुढच्यावर १००० न्यूटन बल पडेल. म्हणजे छातीवर क्विंटलभर वजनाचे पोते ठेवल्यासारखे. ४५०० न्यूटनपर्यंतच्या बलांनी पोलादी कठडे वाकल्याचे अशा दुर्घटनांनंतर आढळले आहे. श्वास घेताना आपली छाती फुगावी लागते. चारही बाजूंनी दाबली गेलेली छाती फुगू शकत नाही. म्हणून अशा दुर्घटनांत बहुतेक माणसे पायांखाली तुडवली जाऊन नव्हे, तर श्वास कोंडून मरतात, आणि काही तर उभ्या उभ्याच. हे वाचताना वाईट वाटते, पण जाणून घेणे आवश्यक आहे. कारण "लोक वेड्यासारखे धावले" असे म्हणून आपण मेलेल्यांनाच दोष देतो. अशा गर्दीत धावायला जागाच नसते.

मग मागचे लोक ढकलणे थांबवत का नाहीत? कारण त्यांना पुढचे दिसत नाही. धक्का पुढे जातो तो क्षणात; पण "थांबा, येथे माणूस गुदमरतो आहे" ही बातमी मागे यायला माणसामाणसांतून प्रवास करावा लागतो, आणि गोंगाटात ती वाटेत हरवते. एवढेच नव्हे, तर बदलतेसुद्धा. २०१७ च्या त्या दुर्घटनेतून बचावलेल्या एका प्रवाशाचे सांगणे असे, की कोणी तरी "फूल गिर गया" असे ओरडले आणि लोकांनी ऐकले, "पूल गिर गया". "फ" आणि "प" यांच्यात फरक किती? ओठांतून सुटणाऱ्या हवेच्या एका फुंकरीचा. तोंडासमोर तळहात धरून दोन्ही अक्षरे म्हणून पाहा. पावसाच्या आवाजात ती फुंकर ऐकू येईल काय?

तुमच्यातला एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, "सर, लोकलच्या डब्यात तर याहून अधिक गर्दी असते!" खरे आहे. ऐन गर्दीच्या वेळी चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी, अशा अवस्थेला रेल्वेच्या भाषेत "सुपर डेन्स क्रश लोड" असे नावच आहे. पण डबा आखूड असतो, मध्ये आडभिंती आणि धरायला दांडे असतात. त्यामुळे एकामागे एक ढकलणाऱ्यांची लांब रांग तयार होत नाही. शिवाय दर काही मिनिटांनी दारे मोकळी होतात. तेथे मोठा धोका दाराशी लोंबकळणाऱ्याला असतो. दोन्हीकडे गर्दीच, पण बलांचा हिशेब वेगळा.

"सर, मग आमची टोपली उचलायची का?"

जिन्याच्या तळाशी असलेल्या अरुंद गल्लीचे गणित मी एकदा वर्गात फळ्यावर सोडवून दाखवले. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिची आई दादरला फुले विकते. तिच्या फीचे पैसे त्या टोपलीतून येतात. तिने विचारले, "सर, मग आमची टोपली उचलायची का?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. फळ्यावर "रुंदी वजा दोन मीटर" असे लिहिताना त्या दोन मीटरांत कोणाचे घर चालते, हा विचार मी केलेला नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही काही जण वही आणि घड्याळ घेऊन स्टेशनबाहेर उभे राहिलो. तेथे जे दिसले, त्यावरून तिला जे उत्तर दिले तेच तुम्हांला देतो. प्रश्न टोपली असावी की नसावी असा नाही. ती कोठे असावी असा आहे. तीच टोपली जिन्याच्या तोंडाशी असेल तर सगळ्या जिन्याचा प्रवाह कमी करते. जेथे गल्ली रुंद होते आणि माणसे फाकून तीन-चार रस्त्यांना लागतात, तेथे ती ठेवली तर प्रवाहाला कळतही नाही. विक्रेता जिन्याशी बसतो तो हट्टाने नव्हे. गिऱ्हाईक तेथून जाते म्हणून. तेव्हा त्याला हलवायचे तर गिऱ्हाइकाच्या वाटेवरच, पण रुंद जागी, बसवले पाहिजे.

कायदाही या दोन्ही बाजू पाहतो. २०१४ च्या पथविक्रेत्यांसंबंधीच्या कायद्याने विक्रीसाठी क्षेत्रे ठरवून देण्याची आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये, असा निर्णय दिला. आणि एल्फिन्स्टन रोडला लष्कराच्या अभियंत्यांनी उभारलेला नवा पादचारी पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. पूल हवेतच. पण पुलाइतकेच महत्त्व त्याच्या तोंडाशी मोकळी राहणारी जागा, चढण्या-उतरण्याच्या वेगळ्या वाटा, आणि गर्दी वाढताच येणारा ओघ मागेच, फलाटावर, रोखण्याची व्यवस्था यांना आहे. पुढचा ओघ थांबला तर मागचाही थांबला पाहिजे, हे अडीच मिनिटांच्या हिशेबावरून तुमच्या ध्यानात आलेच असेल.

तुम्ही काय कराल?

गर्दीत शिरल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: "मला दोन्ही हात सहज छातीपर्यंत आणता येतात का?" येत नसतील, चारही बाजूंनी अंगाला अंग लागत असेल, तर वाट असेतोवर बाहेर पडा, दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. अडकलातच, तर मुठी छातीसमोर धरून कोपरे थोडी बाहेर काढा, म्हणजे छातीला फुगायला जागा राहील. लाटेच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरका. मात्र भिंतीशी किंवा कठड्याशी दाबले जाणार नाही याची काळजी घ्या. चप्पल, मोबाइल, दप्तर पडले तरी वाकू नका. शेजारचा पडला तर त्याला हात देऊन उठवा. आणि तुम्ही मागे असाल, पुढचे लोक हलत नसतील, तर ढकलू नका. दोन पावले मागे या आणि मागच्यांनाही तसे सांगा. गर्दीत पुढच्याचा जीव बहुधा मागच्याच्या हातात असतो.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या गावात रेल्वे स्टेशन नसेल तर एस. टी. स्टँड, आठवडी बाजार किंवा शाळेचे फाटक चालेल. मधल्या सुटीची घंटा झाल्यावर फाटकाची रुंदी मोजा आणि मिनिटाला किती मुले बाहेर पडतात ते तीन दिवस टिपून ठेवा. दर मीटरला मिनिटाला किती, हे काढा. मग पाहा: सर्वांत अरुंद जागा कोणती? तेथे काय ठेवले आहे? सायकली, पेरूवाल्याची गाडी, की फाटकाचा कधीच न उघडलेला दुसरा अर्धा भाग? आकडे घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. "फार गर्दी होते" या तक्रारीपेक्षा "अर्धे फाटक बंद असल्याने मिनिटाला इतकी मुले कमी बाहेर पडतात" या वाक्याला वजन असते.

आमच्या त्या विद्यार्थिनीची आई आता जिन्यापासून थोडी दूर, गल्ली रुंद होते तेथे बसते. मागच्या दसऱ्याला मी तिच्याकडूनच झेंडू घेतला. मी वाकून भाव विचारला, तेव्हा माझ्या पाठीमागून माणसे न अडता जात होती.